वेशीबाहेरचा इतिहास

धम्मबांधवांनो, मराठवाड्यात नदीकाठच्या कितीतरी जुन्या गावांत पांढऱ्या मातीची गढी दिसते. उंचवट्यावर वस्ती, भोवती कोट, आत शिरायला वेस. ढासळलेल्या गढीत खापरं, बांगड्यांचे तुकडे निघतात. तोच गावाचा दाखला. पण वेस राखणारा वेसकर महार राहायचा कुठं? कोटाबाहेर!

असं का, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ साली ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडला. त्यांच्या मते हे पराभूत टोळ्यांतले पांगलेले लोक. गावाची राखण करीत बाहेर वसले, आणि ते बौद्ध होते.

आज गढीची माती लोक शेतात नेऊन टाकतात. माती उचलण्याआधी थांबा. पुरातत्त्ववाल्यांनी गढीबरोबर जुना महारवाडाही खोदावा. आपल्या पणज्यांच्या चुली तिथंच गाडलेल्या आहेत.

जय भीम!