तेहेतीस वर्षांची हजेरी

लघुनिबंधाची गोडी असलेल्या आमच्या वाचकांस चार्ल्स लॅम्ब हे नाव नवे नाही. परंतु ‘एलिया’ या टोपणनावाने लिहिणारा हा रसाळ निबंधकार आम्हां कारकुनांचा जातभाई होता, आणि तोही हिंदुस्थानच्याच कारभारातला, याचे स्मरण थोड्यांनाच असते. 1792 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो हिशेबखात्यात लागला. नीळ, कापूस, कच्चे रेशीम, कापड यांचे आकडे तो वह्यांत उतरवीत राहिला. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हाही तो त्याच खात्यात होता. ज्या कंपनीने आमचे राज्य घेतले, तिने आपल्या या कारकुनाचे उमेदीचे आयुष्यही घेतले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

घरी मनोविकाराने ग्रासलेल्या बहिणीचा भार त्याच्यावर होता. नोकरी सोडण्याची सोय नव्हती. साधुसंतांच्या नावे पूर्वी मिळणाऱ्या सुट्ट्याही बंद झाल्या. त्याची हळहळ 1820 सालच्या एका निबंधात उमटली आहे. पुढे 1825 साली ‘द सुपरॅन्युएटेड मॅन’ या निबंधात त्याने नोकरीची कथा थोडा वेष पालटून सांगितली. उन्हाळ्यातली आठवड्याची रजा उपभोगण्याआधीच संपे. रात्री झोपेतही हिशेब चालत, आणि चुकीच्या नोंदींच्या भयाने तो दचकून जागा होई. दिवसभराचा शीण रात्रीच्या झोपेने जातो. पण झोपेतच कचेरी भरू लागली म्हणजे माणसाने जावे कोठे?

1825 च्या मार्चमध्ये, पन्नाशीत, प्रकृती खचल्यामुळे त्याचा राजीनामा मंजूर झाला आणि सालिना 441 पौंडांचे निवृत्तिवेतन ठरले. कंपनीची ही उदारता खरीच; पण हिशेब तिचाही चुकलाच. तेहेतीस वर्षांचा अनुभवी हात तिने गमावला, आणि 1834 च्या डिसेंबरात तो वारेपर्यंत घरबसल्या वेतन मोजले. जी विश्रांती वर्षाकाठी थोडी थोडी दिली असती तर स्वस्तात पडली असती, ती अखेर एकरकमी द्यावी लागली. आणि लॅम्बला तरी ती पचली काय? बंदिवासातून सुटलेल्या माणसासारखा प्रथम तो गोंधळला. जुन्या सोबत्यांना भेटावयास पुन्हा कचेरीकडेच वळला.

याच इमारतीत 1823 साली जॉन स्टुअर्ट मिल कामास लागला. पस्तीस वर्षे नोकरी करूनही, आपल्या इतर बौद्धिक श्रमांतून कचेरीचे काम हा विसावाच होता, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. मात्र मिल हिंदुस्थानास जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे रची. लॅम्ब आकडे भरी. ज्या कामात आपली बुद्धी कोठेच उमटत नाही, ते काम तासांच्या मानाने अधिक थकविते, असे आम्हांस वाटते.

या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव 1974 साली फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केले. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या करताना तिला रोग न म्हणता नोकरीच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले. म्हणजे औषध केवळ नोकरदाराने घ्यावयाचे नाही; धन्यानेही घ्यावयाचे आहे.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत 1985 पासून आठवड्याचे कामाचे दिवस पाच झाले. लॅम्बला हेवा वाटावा असे हे सुख. पण आम्ही काय करतो? अर्जित रजा साठवतो. कारण निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात. आमच्या स्वतःच्या खात्यावर आज दोनशेच्या वर दिवस जमा आहेत, आणि ‘यंदा गणपतीला येतो’ असे गावी कळवून शब्द मोडल्याची वर्षेही तेथेच जमा आहेत. लॅम्बची विश्रांती धन्याने अडवून ठेवली होती. आमची आम्हीच गहाण टाकली आहे. हा लेख पुरा करून आम्ही रजेचा अर्ज लिहावयास घेत आहोत. वाचकांनीही आपापली रजेची नोंद एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.