वर्णद्वेष आणि वर्णभेद : ब्रिटनमधील कला व शिक्षण संस्थांतील प्रशिक्षणाचा इतिहास

एखाद्या सामाजिक दोषाला भाषेत कोणते नाव मिळते, यावर त्याच्या निवारणाचा मार्ग पुष्कळ अंशी अवलंबून असतो. इंग्रजी 'रेसिझम' या संज्ञेसाठी मराठीत वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद असे निरनिराळे शब्द योजले जातात आणि ते परस्परांचे पर्याय आहेत असे बहुधा गृहीत धरले जाते. वस्तुतः ते तसे नाहीत. 'वर्णद्वेष' हा तत्पुरुष समास होय. त्यात उत्तरपद प्रधान. म्हणजे सांगावयाचे ते द्वेषाविषयी. वर्ण हे त्याचे निमित्त. द्वेष ही मनोवृत्ती असल्यामुळे तिला सचेतन कर्ता लागतो. याउलट 'भेद' हा एखाद्या नियमात, परीक्षेत किंवा नेमणुकीच्या पद्धतीत, कोणाच्याही मनात द्वेष नसताना, नांदू शकतो. म्हणूनच 'संस्थेतील वर्णभेद' हा प्रयोग सहज वाटतो. पण 'संस्थेचा वर्णद्वेष' म्हणताच, संस्थेला मन कोठले, असा प्रश्न उद्भवतो.

ब्रिटनमधील शाळा, नाट्यगृहे, संग्रहालये इत्यादी संस्थांत जे वर्णभेदविरोधी प्रशिक्षण १९८० नंतर रूढ झाले, त्याच्या इतिहासाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. दोष व्यक्तीच्या मनात आहे की संस्थेच्या कारभारात? या प्रश्नाचे जे उत्तर ज्या काळी मान्य झाले, त्याप्रमाणे प्रशिक्षणाचे स्वरूप ठरत गेले.

१. पार्श्वभूमी

१९४८ च्या जून महिन्यात 'एम्पायर विंडरश' हे जहाज वेस्ट इंडीजमधील प्रवाशांसह टिल्बरी बंदरास लागले. त्यानंतरच्या दोन दशकांत कॅरिबियन बेटे, भारत व पाकिस्तान येथून फार मोठ्या संख्येने लोक ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांची मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा शिक्षणखात्यास प्रथम जाणवली ती संख्येची अडचण. १९६५ च्या एका परिपत्रकान्वये कोणत्याही शाळेत स्थलांतरितांच्या मुलांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाहून अधिक नसावे, असे सुचविण्यात आले. परिणामी काही ठिकाणी अशा मुलांना बसगाड्यांतून दूरच्या शाळांत धाडण्यात येऊ लागले. शाळा जशी आहे तशीच राहावी आणि मुलांची वाटणी करावी, हा या योजनेचा आशय होता.

या दृष्टीला पहिला सडेतोड प्रतिवाद केला तो ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी. मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांच्या खास शाळांत वेस्ट इंडियन मुलांचा भरणा एवढा का, याचा शोध त्यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तिकेत घेतला. बुद्धिमापनाच्या चाचण्या इंग्रज मध्यमवर्गाच्या भाषेत व त्याच्या अनुभवविश्वाला धरून रचलेल्या होत्या. क्रिऑल बोलणाऱ्या मुलाचे भाषावैशिष्ट्य त्यांत बुद्धिदोष म्हणून नोंदले जाई. चाचणी घेणारा मनुष्य सहृदय असला तरी निकालात फरक पडत नसे. कोर्ड यांच्या विवेचनाचा भाषावैज्ञानिक दृष्ट्या महत्त्वाचा भाग हाच होय : येथे भेद मापनाच्या साधनात होता.

कलाक्षेत्रात हेच काम नसीम खान यांच्या १९७६ च्या 'द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स' या अहवालाने केले. कला परिषद, गुल्बेंकियन प्रतिष्ठान व कम्युनिटी रिलेशन्स कमिशन यांच्या साहाय्याने तो सिद्ध झाला होता. अल्पसंख्य समाजांत संगीत, नृत्य व नाट्य यांची समृद्ध हालचाल आहे. परंतु अनुदानाची व्यवस्था तिला 'कला' या सदरात धरीतच नाही, असे त्यातून निष्पन्न झाले.

त्याच वर्षी मंजूर झालेल्या वंशसंबंध कायद्याने अप्रत्यक्ष भेदाची कल्पना विधिग्रंथात आणली. सर्वांना सारखी लागू केलेली अटसुद्धा, एखाद्या वंशाच्या लोकांना ती पाळणे तुलनेने फार कठीण असेल आणि तिचे समर्थन करता येत नसेल, तर बेकायदा ठरू लागली. तसेच भेदाचे उच्चाटन करण्यासाठी तजवीज करणे हे स्थानिक सत्तांचे कर्तव्य ठरविण्यात आले. शाळा, ग्रंथालये, संग्रहालये व पुष्कळशी नाट्यगृहे या सत्तांच्या अधीन किंवा अनुदानावर असल्यामुळे प्रशिक्षणाचा मार्ग येथूनच मोकळा झाला.

२. मनाचे प्रशिक्षण

१९८१ मध्ये ब्रिक्स्टन येथे दंगली उसळल्या. त्यांच्या चौकशीचा लॉर्ड स्कार्मन यांचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. 'संस्थात्मक वर्णभेद' ही संज्ञा कार्मायकेल व हॅमिल्टन यांनी अमेरिकेत १९६७ मध्ये प्रचारात आणली होती. स्कार्मन यांनी तिचा अर्थ 'जाणूनबुजून, धोरण म्हणून केलेला भेद' असा घेतला आणि त्या अर्थाने ब्रिटनमध्ये ती गोष्ट नाही असा निर्वाळा दिला. संज्ञेचा अर्थ संकुचित करताच दोषाचे स्थान बदलले. संस्था निर्दोष ठरली. उरली ती काही व्यक्तींची मने. मग उपायही मनावरच करावयाचा, हे ओघानेच आले.

हा उपाय तयारच होता. अमेरिकेतील ज्युडिथ कॅट्झ यांचे गौरवर्णीयांच्या आत्मपरीक्षणासाठी लिहिलेले प्रशिक्षण-पुस्तक १९७८ मध्ये निघाले होते. वर्णभेद हा गोऱ्या समाजाच्या मनात मुरलेला विकार असून टप्प्याटप्प्याने त्याची जाणीव करून देता येते, हे त्याचे प्रमेय. या धर्तीवरील वर्ग ब्रिटनमधील नगरसभा, शिक्षणसंस्था व पोलीस दल यांत सुरू झाले. पूर्वग्रहात सत्तेची भर पडली म्हणजे वर्णभेद होतो, हे सूत्र तेथे शिकविले जाई. परंतु भर राहिला तो पूर्वग्रहावर, सत्ता केवळ सूत्रापुरती उरली.

याची अत्यंत कठोर समीक्षा अंबलवानर सिवानंदन यांनी १९८५ मध्ये केली. सिलोनमध्ये जन्मलेले सिवानंदन लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्स'चे संचालक होते. व्यक्तीच्या अपराधभावनेचे शमन झाले म्हणून घरे, नोकऱ्या व पोलिसी सत्ता यांची रचना बदलत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. राज्यसत्तेविरुद्धचा लढा आत्मशुद्धीच्या व्रतात परिणत झाल्याचा खेद त्यात व्यक्त झाला होता.

या समीक्षेला शोकान्त पुरावा मिळाला तो मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलमध्ये. सप्टेंबर १९८६ मध्ये शाळेच्या मैदानावर तेरा वर्षांच्या अहमद इक्बाल उल्लाह या विद्यार्थ्याचा एका गोऱ्या विद्यार्थ्याने खून केला. त्या शाळेत वर्णभेदविरोधी धोरण अस्तित्वात होते. इयान मॅक्डोनल्ड यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. धोरण केवळ नैतिक उपदेशाच्या पातळीवर राहिले, गोऱ्या श्रमिक कुटुंबांतील पालकांना व मुलांना त्यात स्थान दिले गेले नाही, असे त्याने दाखविले. वृत्तपत्रांतून मात्र हा वर्णभेदविरोधी शिक्षणाचाच पराभव असल्याचा गवगवा झाला. अहवालकर्त्यांनी हा अर्थ स्पष्टपणे नाकारला. त्यांची तक्रार शिक्षणाच्या पद्धतीविषयी होती, त्याच्या उद्दिष्टाविषयी नव्हे.

३. संस्थेचे उत्तरदायित्व

एप्रिल १९९३ मध्ये आग्नेय लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या सदोष तपासाची चौकशी सर विल्यम मॅक्फर्सन यांनी केली व फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल सादर केला. त्यातील सत्तर शिफारशींपैकी काही शाळांसंबंधीही होत्या. स्कार्मन यांनी जी संज्ञा नाकारली होती तिची येथे नवी व्याख्या झाली. वर्ण, संस्कृती वा वंश यांमुळे लोकांना योग्य सेवा देण्यात संस्थेला सामूहिकरीत्या आलेले अपयश, असा तिचा आशय होता. आणि अजाणता बाळगलेले पूर्वग्रह, अज्ञान व अविचार यांचाही त्यात समावेश होता. 'जाणूनबुजून' हे पद गळले, एवढाच फरक. पण या एका पदाने उत्तरदायित्व व्यक्तीकडून संस्थेकडे आणले.

२००० च्या दुरुस्ती कायद्याने भेदाचे निवारण करण्याचे कर्तव्य सार्वजनिक संस्थांवर टाकले. जून २००१ मध्ये नॉटिंगहॅम प्लेहाउस येथे भरलेल्या 'एक्लिप्स' परिषदेत रंगभूमीची मंडळी याच व्याख्येच्या आधारे स्वतःच्या घराची झडती घेऊ लागली. नियामक मंडळावर कोण आहे, नाटकांची निवड कोण करतो, अशा प्रश्नांना तेथे महत्त्व आले. अल्पसंख्य कलावंताला रंगमंचावर आणणे निराळे आणि निर्णयाच्या मेजाशी बसविणे निराळे, हा विवेक त्यातून दृढ झाला.

तथापि जुनी दृष्टी नाहीशी झाली नाही. 'अबोध पूर्वग्रह' या नव्या नावाने मनाचे प्रशिक्षण पुन्हा लोकप्रिय झाले. त्याने आचरणात टिकाऊ बदल होतो याला पुरावा नाही, असे सांगून ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२० मध्ये नागरी सेवेतील असे वर्ग बंद करण्याचे जाहीर केले. प्रशिक्षणाच्या समर्थकांना हा आघात वाटला. परंतु यापूर्वीच, २००६ मध्ये, कालेव्ह, डॉबिन व केली या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ७०८ खाजगी आस्थापनांच्या अभ्यासातून अधिक सूक्ष्म निष्कर्ष काढला होता. केवळ प्रशिक्षणाने वरिष्ठ पदांवरील स्त्रिया व कृष्णवर्णीय यांचे प्रमाण फारसे वाढत नाही. ते वाढते विशिष्ट अधिकाऱ्यावर वा समितीवर जबाबदारी सोपविल्याने. आणि जेथे अशी जबाबदारी निश्चित झालेली असते, तेथे प्रशिक्षणही अधिक फलदायी ठरते. प्रशिक्षण निरर्थक आहे असे यावरून सिद्ध होत नाही. ते स्वयंपूर्ण नाही, इतकेच सिद्ध होते.

४. समारोप

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा वाद सर्वस्वी परका वाटू नये. पुणे करारानंतर, नोव्हेंबर १९३२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतानिवारक संघाचे कार्यवाह ठक्कर यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्तीचा गुणोत्कर्ष करण्याऐवजी सामाजिक परिस्थिती पालटण्यावर भर दिला होता. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने येथील हक्क प्रस्थापित करावेत, सवर्णांच्या सद्बुद्धीची वाट पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. जात आणि वंश ही भिन्न तत्त्वे आहेत; तरी हृदयपरिवर्तन की व्यवस्थापरिवर्तन, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे.

या इतिहासावरून परिभाषेपुरता एक निष्कर्ष निश्चित काढता येतो. व्यक्तीच्या हेतुपुरस्सर कृत्यासाठी 'वर्णद्वेष' हा शब्द राखून ठेवावा आणि संस्थेच्या रचनेतील दोषासाठी 'वर्णभेद' हा शब्द योजावा. अन्यथा मराठी वाचक संस्थेवरील आरोप तेथील माणसांच्या चारित्र्यावरील आरोप समजेल, आणि स्कार्मन यांनी दिले तेच उत्तर देईल : येथे कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. कोर्ड यांनी तपासलेल्या चाचण्याही कोणाचा द्वेष करीत नव्हत्या.