साठाची कुळकथा

बडनेरा स्टेशनात मुंबई-हावडा मार्गावरची गाडी शिरते, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करत असते. अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक केंद्रातली जनित्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या ग्रिडशी जोडलं. तेव्हापासून सगळा देश एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतो.

आणि याच बडनेऱ्यात इंजिनिअरिंगचा पोरगा खोलीवर नवा गेमिंग मॉनिटर जोडतो, सेटिंग उघडतो आणि विचारतो, "भाऊ, १४४ चा घेतला ना, मंग हे साठ काऊन दाखोते?"

तात्पुरतं उत्तर सोपं आहे. विंडोज बऱ्याचदा आपणहून ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा करण्यावरच थांबतं. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. पण भारतात ५० चा संसार असताना हे साठ आले कुठून, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला सिनेमाच्या पडद्यामागे जावं लागतं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तो जमाना हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा. सेकंदाला साधारण १६ चित्रं. एवढ्या चित्रांत हालचाल दिसते, पण चित्र बदलताना दर वेळी अंधार केला तर पडदा असह्य लुकलुकतो. त्यावर तोडगा निघाला तो प्रोजेक्टरपुढे फिरणाऱ्या तीन पात्यांच्या झडपेचा. एकच चित्र तीनदा उजळायचं. १६ त्रिक ४८. पुढे बोलपट आले. ध्वनीची पट्टी फिल्मवरच असल्यामुळे वेग पक्का ठरवणं भाग पडलं, तो २४ ठरला. मग दोनच पाती पुरली, आणि आकडा पुन्हा ४८.

गेमरने मनात धरावी अशी गोष्ट इथेच आहे. नवी चित्रं किती आणि पडदा किती वेळा उजळतो, हे दोन आकडे तेव्हापासून वेगळे आहेत. आज पहिला ग्राफिक्स कार्डाच्या हाती आहे, दुसरा मॉनिटरच्या.

टीव्हीने दुसरा आकडा घरच्या विजेशी बांधला. पडद्याची लय आणि विजेची लय जुळली नाही, तर चित्रावर काळसर पट्टे सरकत राहायचे. अमेरिकेची वीज ६० ची, म्हणून १९४१ च्या तिथल्या मानकात सेकंदाला ६० अर्धचित्रं, म्हणजे एकाआड एक ओळींची चित्रं. आपली वीज ५० ची, म्हणून आपल्या दूरदर्शनची ५०. १९५३ मध्ये अमेरिकेत रंग आला, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून ६० चे ५९.९४ झाले. तो आकडा आजही मॉनिटरच्या यादीत ६० च्या शेजारी दिसतो, तो याच कारणाने.

घरगुती संगणक वाढला अमेरिकेत, तिथल्याच टीव्हीच्या आधाराने, आणि ६० चा वारसा घेऊन आपल्याकडे आला. जुन्या काचेच्या मॉनिटरवर ६० ला डोळे दुखत, म्हणून लोक ८५ ठेवत. काउंटर-स्ट्राइक खेळणारे रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वर आणून १०० सुद्धा मिळवत. मग एलसीडी आला. तो दोन चित्रांमध्ये काळा पडत नाही, त्यामुळे लुकलुक संपली आणि ६० पुन्हा पुरेसा मानला गेला. खेळाडूंच्या दृष्टीने ही सरळ पीछेहाट होती.

वेग परत आला तो भलत्याच दारातून. २००९ मध्ये एनव्हिडियाने त्रिमितीचा चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने ६०-६० चित्रं द्यायची, तर मॉनिटर १२० चा हवा. चष्मा मागे पडला, १२० राहिला. नेमबाजीच्या खेळात फिरणारा शत्रू त्यावर स्वच्छ दिसतो हे खेळाडूंनी हेरलं. २०१२ च्या सुमारास १४४ आला. तो सिनेमाच्या २४ ची बरोबर सहापट आहे, आणि त्या वेळच्या दुहेरी डीव्हीआय केबलमधून फुल एचडी चित्र जेमतेम तेवढ्याच वेगाने जाऊ शकत होतं. पुढे २४० आला, २०२० मध्ये ३६०.

आता निवडीचं. ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत. १४४ वरून २४० ला गेलं की बचत २.८, आणि २४० वरून ३६० ला जेमतेम १.४. पहिली उडी कुणालाही डोळ्यांनी दिसते. पुढच्या उड्या रोज तासन्‌तास सराव करणाऱ्यालाच उपयोगी. शिवाय कार्ड ९० च चित्रं काढत असेल, तर २४० चा पडदा तीच चित्रं पुन्हा दाखवणार, जशी ती तीन पात्यांची झडप दाखवायची. कॉलेजच्या पोराच्या बजेटात मी १४४ चा, फ्रीसिंक (पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) असलेला मॉनिटर घ्यायला सांगेन, वाचलेले पैसे कार्डात घालायला सांगेन, आणि जोडणी डिस्प्लेपोर्टनेच करायला. जुन्या एचडीएमआयवर फुल एचडीला बहुतेकदा १२० च्या पुढे पर्यायच येत नाही.