पाटापासून पडद्यापर्यंत : पेणच्या गणेशमूर्ती आणि लोकप्रिय प्रतिमांची बाजारपेठ

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील पेण हे गाव तांदूळ, पोहे आणि पापड यांसाठी प्रसिद्ध असले, तरी महाराष्ट्राबाहेर त्याची ओळख आहे ती गणेशमूर्तींमुळे. भोगावती नदीच्या काठी वसलेले आणि धरमतरच्या खाडीमुळे मुंबईच्या बाजारपेठेशी फार पूर्वीपासून जोडलेले हे गाव व त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे मिळून दरवर्षी लाखो मूर्ती तयार करतात. गेल्या काही वर्षांत या मूर्तींची निवड आणि खरेदी संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून होऊ लागली आहे. चित्रपटांतील नायक, दूरचित्रवाणी मालिकांतील देव आणि व्यंगचित्रपटांतील बालगणेश यांच्या रूपातील मूर्तींची मागणीही त्याच काळात वाढली. या दोन घटना एकत्र पाहून ‘भक्तीची फॅशन झाली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. इतिहासाचा आधार घेतल्यास तो टिकत नाही. लोकप्रिय प्रतिमेची छाया मूर्तीवर पडणे ही जुनीच गोष्ट आहे. नवी गोष्ट आहे ती नमुन्याचे आयुष्य आणि त्याची मालकी यांत झालेला बदल. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

छापील देव आणि मूर्तीचा चेहरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवाची प्रतिमा छापखान्यातून बाहेर पडू लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळेची स्थापना झाली. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. घराच्या भिंतीवरची लक्ष्मी, सरस्वती आणि गणपती ही या छापखान्यांची देणगी होय. यापूर्वी प्रत्येक प्रांताचा, किंबहुना प्रत्येक कारागिराचा गणपती वेगळा असे. छापील चित्रामुळे एकच चेहरा हजारो घरांत पोहोचला आणि ‘देव असा दिसतो’ अशी एक सर्वसामान्य समजूत तयार झाली. मूर्तिकाराकडे येणारे गिऱ्हाईक ही समजूत सोबत घेऊनच येऊ लागले.

चित्रांच्या या प्रसाराला टपाल खात्याचीही मदत झाली. १८७७ मध्ये भारतात व्ही. पी. ची पद्धत सुरू झाल्यामुळे वस्तू घरी आल्यावर पैसे चुकते करता येऊ लागले. पुस्तके, औषधे, घड्याळे आणि देवादिकांची चित्रे खेड्यापाड्यांत पोहोचण्यास तिचा हातभार लागला. आजच्या ‘घरपोच वस्तू, मग पैसे’ या व्यवहाराची ही आजीच म्हणावयास हवी. मातीची मूर्ती मात्र टपालाने जाण्याजोगी नव्हती, त्यामुळे ती प्रदीर्घ काळ गावाच्या व नात्याच्या व्यवहारातच राहिली.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप प्राप्त झाल्यानंतर मूर्ती ही सार्वजनिक भाष्याचीही जागा झाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या लालबागच्या मंडळाने १९४० च्या दशकात नेताजी सुभाषचंद्र बोस, पंडित नेहरू आणि महात्मा गांधी यांच्या वेशभूषेत गणपती बसविला होता. त्या काळातील सर्वांत लोकप्रिय चेहरे राजकीय नेत्यांचे होते, म्हणून मूर्तींनी त्यांचा वेश घेतला. पुढे त्या जागी चित्रपटांतील नायक आले, हा फरक मूर्तिकलेपेक्षा समाजाबद्दल अधिक सांगतो.

पाटाची पद्धत

पेणच्या मूर्तिव्यवसायाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जाते आणि तिच्याशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते. सुरुवातीचे माध्यम अर्थातच शाडूची माती. कोकणात मूर्ती ठरविण्याची रीत वैशिष्ट्यपूर्ण होती. उत्सवाच्या पुष्कळ आधी घरचा लाकडी पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यावयाचा. कोणाचा पाट, मूर्ती किती उंचीची, सोंड कोणत्या बाजूला, पितांबर कोणत्या रंगाचे, हे त्याला तोंडी सांगावयाचे. बहुतेक वेळा सांगावेही लागत नसे, कारण ‘दरवर्षीप्रमाणे’ या एका शब्दात सारे येई. चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी त्याच पाटावरून मूर्ती घरी येई.

या पद्धतीत मूर्ती ही मालाच्या साठ्यातील वस्तू नव्हती. ती आधी कोणाची तरी होत असे आणि नंतर घडविली जात असे. नमुन्याची स्मृती मूर्तिकाराच्या हातात व त्या कुटुंबाच्या आठवणीत असे, तिचा कागद कोठेही नव्हता. शास्त्रदृष्ट्या प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती ही केवळ आकृती असते, त्यामुळे तिची किंमत ठरविण्यात कोणाला संकोच वाटण्याचे कारण नव्हते. तरीही घासाघीस करणे शोभत नसे, कारण समोरचा माणूस पुढील वर्षीही तोच असणार होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रबरी साचा यांनी या व्यवस्थेचा पाया बदलला. प्लास्टर लवकर सुकते, वजनाला हलके असते आणि काथ्याच्या आधाराने त्यातून उंच, पोकळ मूर्ती काढता येते. मूर्ती वर्षभर घडविता येऊ लागली. पर्यायाने ती गिऱ्हाइकाच्या आधी तयार होऊ लागली. कामाचीही विभागणी झाली. हमरापूर परिसरातून रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागल्या, तर पेणची कीर्ती रंगकामासाठी आणि विशेषतः डोळ्यांच्या आखणीसाठी राहिली. एकाच साच्यातून निघालेल्या शंभर मूर्तींमध्ये फरक पडतो तो आखणीत, असे या व्यवसायात मानले जाते. आणि ते खरेही आहे.

पडद्यावरील रूपे

साच्याने संख्या दिली, तशी नव्या नमुन्यांची भूकही निर्माण केली. दगडूशेठ हलवाई गणपती आणि लालबागचा राजा या दोन सार्वजनिक मूर्तींच्या लहान प्रतिकृती घरोघरी बसू लागल्या, ही या प्रक्रियेतील महत्त्वाची पायरी होय. पूर्वी घरचा गणपती घराण्याच्या परंपरेसारखा असे. आता तो वृत्तपत्रात व दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या गणपतीसारखा हवा, असे वाटू लागले. त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. २००७ मध्ये ‘बाल गणेश’ हा व्यंगचित्रपट आला आणि खेळकर, बाळसेदार गणपतीला मुलांचा आग्रह मिळाला. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाची छाया मूर्तींवर व देखाव्यांवर दिसली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ या मालिकेमुळे खंडेरायाच्या वेशातील गणपती महाराष्ट्रभर गेला, २०१५ मधील ‘बाहुबली’तील खांद्यावर शिवलिंग उचललेल्या नायकाच्या पवित्र्यात गणपती घडला, ‘बाजीराव मस्तानी’नंतर पेशवाई पगडी आली आणि २०२२ च्या उत्सवात ‘पुष्पा’ व ‘आरआरआर’ या चित्रपटांतील रूपेही अवतरली.

या मालिकेत एक भेद करणे आवश्यक आहे. ‘जय मल्हार’च्या मूर्तीत एका लोकदैवताचे रूप दुसऱ्या देवाने घेतले होते; भाविकाला त्यात विसंगती जाणवली नाही. ‘पुष्पा’च्या मूर्तीवर मात्र आक्षेप घेण्यात आले, कारण चंदनतस्कर नायकाची ढब देवाला शोभते काय, हा प्रश्न स्वाभाविक होता. लोकप्रियतेला समाज सरसकट मान्यता देत नाही. त्याची स्वतःची एक चाळणी असते आणि ती बऱ्याचदा टीकाकारांपेक्षा बारीक असते.

व्यवसायाच्या दृष्टीने प्रश्न निराळाच आहे. परंपरागत बैठकीची मूर्ती विकली गेली नाही, तर पुढील वर्षी तिला नवा रंग देऊन विकता येते. गतवर्षीच्या चित्रपटाची मूर्ती पुढील वर्षी कोणी घेत नाही. नवा साचा तयार करण्याचा खर्च एका हंगामात वसूल व्हावा लागतो आणि चित्रपट केव्हा चालेल हे मूर्तिकाराच्या हाती नसते.

दूरची गिऱ्हाइके

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले, तेव्हा परदेशी जाणाऱ्या मूर्तींसाठी बंदर जणू शेजारीच आले. अमेरिका, युरोप व मॉरिशस येथील मराठी कुटुंबांसाठी मूर्ती समुद्रमार्गे उत्सवाच्या काही महिने आधीच रवाना होतात. पेंढ्यात व खोक्यांत मूर्ती बसविणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बोट किंवा सोंडेचे टोक मोडले, तर मूर्ती खंडित ठरते आणि पूजेला चालत नाही. इतर वस्तू परत पाठविता येते; खंडित मूर्तीचे करावयाचे काय, याचे उत्तर ऑनलाइन विक्रीच्या कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही.

देशांतर्गत ऑनलाइन खरेदी २०१० नंतर रुजली आणि २०२० च्या महामारीने तिला जोर दिला. त्या वर्षी शासनाने घरगुती मूर्तीची उंची दोन फूट व सार्वजनिक मूर्तीची चार फूट अशी मर्यादा घातली. मोठ्या मूर्तींचे साचे पडून राहिले आणि लहान मूर्तींची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरू लागली. पाट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जागी छायाचित्र पाठवून ‘अगदी असाच हवा’ म्हणणारे गिऱ्हाईक आले. सुरतेत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबाला यामुळे पेणची मूर्ती मिळाली, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु नमुना आता कारखान्याबाहेर, सर्वांच्या हाती आहे. एका मूर्तिकाराच्या नव्या रूपाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की, त्याची नक्कल दुसऱ्या साच्यात उतरण्यास फार दिवस लागत नाहीत.

कायद्याची स्थितीही मूर्तिकाराला विशेष अनुकूल नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदविलेली नसलेली रचना औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा उतरविली की तिच्यावरील प्रताधिकार संपतो. साच्यातून काढलेली मूर्ती ही मर्यादा एका आठवड्यात ओलांडू शकते. रचना कायदा, २००० अन्वये नोंदणी केल्यास दहा आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण रचना प्रसिद्ध होण्यापूर्वी नोंदवावी लागते आणि हंगामी नमुन्यासाठी तो खटाटोप करणारे थोडे. शिवाय ज्याने स्वतःच चित्रपटातील प्रतिमा विनापरवाना घेतली, त्याने नकलेविरुद्ध कोणत्या तोंडाने दाद मागावी, ही अडचण उरतेच.

शाडूकडे परतताना

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि मे २०२० मध्ये सुधारित तत्त्वांद्वारे प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनास परवानगी नाकारण्यात आली. जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती तात्पुरती सवलत देण्यात आली. या चर्चेत नदी व खाडी यांचा विचार योग्य रीतीने पुढे आला. हमरापूर परिसरातील कर्जाचा व साच्यांचा विचार त्या मानाने कमी झाला.

लोकप्रिय रूपांचा प्रश्न येथे माध्यमाशी येऊन भिडतो. उंचावलेला हात, उडता शेला, हातातले बारीक शस्त्र हे सारे प्लास्टरमध्ये सहज साधते, शाडूत मोडते. शाडूची मूर्ती जड असते, सावकाश सुकते आणि लांबच्या प्रवासात तडकते. तिला बैठक रुंद लागते, हात अंगाशी ठेवावे लागतात. म्हणजे पाटाच्या काळात ती जशी होती, तशीच ती पुन्हा होऊ पाहते. पडद्यावर मूर्ती निवडणाऱ्या गिऱ्हाइकास हे ठाऊक नसते. तो शाडूची मूर्ती मागतो आणि सोबत छायाचित्र पाठवितो ते प्लास्टरच्या मूर्तीचे.