कायद्याचा शब्द काय करतो?

वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आणि मूळ आराखड्यातल्या बारा जिल्ह्यांत अधिसूचना, संयुक्त मोजणी, हरकत, निवाडा हे शब्द पारावर आले. याच पवनारहून १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पायी निघाले होते आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. एका ठिकाणी जमीन मनाने द्यायची, दुसऱ्या ठिकाणी सरकार घेणार. पण दोन्हीकडे जमीन हलते ती कायद्याच्या शब्दांनीच, आणि ज्याची जमीन असते त्याला बहुधा तेच शब्द परके असतात.

अशा वेळी माणूस शब्दकोश उघडतो किंवा वकिलाला अर्थ विचारतो. माझ्या मते अर्थ विचारून फारसं हाती लागत नाही. तो शब्द काय करतो, हे विचारावं. या कसोटीवर सामान्य माणसाच्या वाट्याला येणारे बहुतेक शब्द तीन प्रकारांत बसतात. काही शब्द हक्क एकाकडून दुसऱ्याकडे नेतात, काही घडलेल्या गोष्टीची फक्त नोंद करतात आणि काही मुदतीचं घड्याळ सुरू करतात. घोटाळे होतात ते एका प्रकारचा शब्द दुसऱ्या प्रकारचा समजल्यामुळे.

हक्क नेणारे शब्द मोजके आहेत: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो, असं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ सांगतो. बक्षीसपत्राला नोंदणीबरोबर दोन साक्षीदारही लागतात. साठेखत मात्र या रांगेत बसत नाही. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्यावर इसार दिला, अगदी पूर्ण रक्कम दिली, तरी तेवढ्याने घेणारा मालक होत नाही. खरेदीखत करून मागण्याचा हक्क त्याला मिळतो, इतकंच. मृत्युपत्राची तऱ्हा उलटी आहे. त्याला नोंदणीची सक्ती नाही, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण करणारा जिवंत आहे तोवर ते काहीच करत नाही, आणि त्याला ते केव्हाही बदलता येतं.

भूदानाची कायदेशीर अडचण इथेच होती. भरसभेत कुणी उठून ‘माझी पाच एकर घ्या’ म्हणाला, तर नैतिकदृष्ट्या दान झालं. कायद्याच्या नजरेत काहीच हललं नाही. म्हणून राज्यांना भूदानासाठी वेगळे कायदे करावे लागले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे वर्ध्याकडच्या भूदानाला मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ लागू झाला. या जमिनी ज्याला मिळाल्या त्याला कसायचा हक्क मिळाला, मनाला येईल तशा विकायचा नाही. आजही भूदान-ग्रामदानाच्या जमिनी गाव नमुना १-क मध्ये, बंधन असलेल्या जमिनींबरोबर नोंदवल्या जातात.

अशा बंधनाची खूण सातबाऱ्यावर दिसते. भूधारणा पद्धतीच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर विक्रीला सरकारी आडकाठी नाही. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेला व्यवहार अडकतो. वावर घेणारे लोक विहिरीचं पाणी पाहतात, रस्ता पाहतात, मातीचा कस पाहतात. हा एका आकड्याचा फरक पाहायचा राहून जातो. त्याच्याजवळच ‘इतर हक्क’ असतात. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, दुसऱ्याचा विहिरीतला हिस्सा, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

आता दुसरा प्रकार, आणि सगळ्यात मोठा गैरसमज. सातबारा हा मालकीचा दाखला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ म्हणते की त्यातली नोंद चूक ठरेपर्यंत खरी मानावी. म्हणजे ती चूक ठरू शकते. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. वारसा, खरेदी किंवा वाटणीने हक्क मिळाला की तीन महिन्यांत पटवाऱ्याला कळवायचं (कागदोपत्री तो आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, गावात अजून पटवारीच). तो गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यात कुठेही मालक कोण याचा न्यायनिवाडा नाही. तो वाद दिवाणी न्यायालयाचा.

या दोन प्रकारांच्या गल्लतीत सर्वांत जास्त नुकसान लेकींचं होतं. वडील गेल्यावर भाऊ म्हणतो, “ताई, बाबांच्या वावरावर वारसांची नावं चढवायची आहेत, तुझी एक सही लागते.” ताई येते. तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात, फोटो काढतात, अंगठा घेतात. वारस नोंदीला यातलं काही लागत नाही. ती पटवाऱ्याकडे होते आणि तीत तिचं नाव चढतं. फोटो-अंगठ्याचा हा दस्त हक्कसोडपत्र असतो आणि त्यानं तिचा हिस्सा जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. खुशीनं सोडायचा असेल तर जरूर सोडावा. पण कागदाचं नाव वाचून सोडावा.

फौजदारी बाजूलाही हीच कसोटी चालते. एफआयआर ही दखलपात्र गुन्ह्याची खबर आहे, दोष सिद्ध झाल्याचा निकाल नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. दिवाणीत ‘स्टे आणला’ म्हणून पेढे वाटतात, तेही असंच: स्थगितीनं फक्त पुढची हालचाल थांबते.

तिसरा प्रकार घड्याळाचा. नोटीस, समन्स, अधिसूचना, निवाडा, आदेश हे कागद हातात आले की दिवस मोजले जाऊ लागतात. महसूल संहितेत जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर साठ दिवसांत अपील करावं लागतं. दिवाणी समन्स मिळाल्यावर कैफियत तीस दिवसांत द्यायची. न्यायालय वाढवून देऊ शकतं, पण गैरहजर राहिलं तर दावा एकतर्फी चालतो. समन्स घेतलंच नाही म्हणजे ते लागू होत नाही, ही समजूत गावोगाव आहे आणि ती साफ खोटी आहे. नाकारल्याचा शेरा बेलिफ लिहितो, आणि तेवढ्यावरही ते बजावलं गेलं असं धरता येतं.

भूसंपादनात हे घड्याळ फार कडक असतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेवर साठ दिवसांत हरकत घेता येते. बाजारमूल्यावर आधारित मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. पण राज्याच्या महामार्गासाठी महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ वापरला तर पायऱ्या आणि मुदती वेगळ्या. म्हणून नोटिशीत सगळ्यात आधी कायद्याचं नाव आणि कलम पाहावं, गट नंबर आणि क्षेत्र नंतर. निवाड्याच्या वेळची एक गोष्ट तर पैशाइतकीच मोलाची आहे. २०१३ च्या कायद्यानुसार जो रक्कम विनातक्रार घेतो, त्याला वाढीव मोबदल्यासाठी पुढे दाद मागता येत नाही. धनादेश घेताना पावतीवर ‘हरकत कायम ठेवून स्वीकारली’ इतकं लिहिलं की दार उघडं राहतं. हा शेरा लिहू नका असं कुणी काउंटरवर सांगितलं, तर ऐकू नये.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, देशभरासाठी मदतीचा क्रमांक १५१०० आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना तिथं मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सही करण्याआधी जा. सही झाल्यावरही जाता येतं, पण मग काम अवघड होतं.