नॉक्टिल्यूका

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणारा एकपेशीय प्लवक. डायनोफ्लॅजेलेट गटातील या प्रजीवाचे शास्त्रीय नाव नॉक्टिल्यूका सिंटिलान्स. गटातील बहुतेक जीव सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. याची पेशी मात्र 0.2 ते 2 मिमी. व्यासाची असल्याने काचेच्या भांड्यातील समुद्राच्या पाण्यात बारीक साबुदाण्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते.

रचना व पोषण : पेशी गोल असून तिची बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते. रिक्तिकेत अमोनियम साठत असल्याने पेशी पाण्याहून हलकी राहते. तिला फारसे पोहता येत नाही. एका बाजूच्या खाचेतून निघालेल्या चिकट संस्पर्शकाने ती डायाटम, जीवाणू, माशांची अंडी पकडून गिळते. प्रजनन मुख्यतः द्विभाजनाने होते.

जीवदीप्ती : लाट, वल्हे किंवा मासा यांचा धक्का लागताच रिक्तिकेच्या पटलातून विद्युत्-संदेश धावतो, सूक्ष्म दीप्तिकणांतील आम्लता वाढते आणि ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ल्युसिफेरिनचे ऑक्सिडीकरण होऊन निळा प्रकाश पडतो. तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी काळ टिकतो. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा चमकताना दिसतात, त्यामागे बहुधा हाच जीव असतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नॉक्टिल्यूका मात्र चमकत नाही.

प्रकार : तांबड्या प्रकारात हरितद्रव्य नसते, तो केवळ भक्ष्यावर जगतो. उष्ण सागरांतील हिरव्या प्रकाराच्या रिक्तिकेत हजारो हरित शैवलपेशी पोहत असतात. त्या प्रकाशसंश्लेषणाने यजमानाला अन्न पुरवतात. तरीही यजमान शिकार सोडत नाही. अन्नाचे हे दोन मार्ग हिरव्या प्रकाराचे मोठे बळ आहे.

अरबी समुद्रातील बहर : हिवाळी वाऱ्यांनी थंड झालेले पृष्ठजल खाली जाते व खोलातील पोषकद्रव्ये वर येतात. त्यांवर पूर्वी मुख्यतः डायाटम वाढत. 2000 नंतरच्या दशकात हिरवा नॉक्टिल्यूका वरचढ ठरला. त्याला खाणारे मुख्यतः साल्प व जेलीफिश असल्याने मत्स्यजीवनाला आधार देणारी अन्नसाखळीच बदलू शकते. बहर ओसरताना सुटणारा अमोनिया व कुजताना घटणारा प्राणवायू माशांना घातक ठरतो. समुद्रातील प्राणवायूची घट हेच या वाढीचे कारण असल्याचे 2014 मध्ये संशोधक हेल्गा गोम्स, जोकिम गोएस व सहकाऱ्यांनी मांडले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय निरीक्षणांत मात्र बहराच्या पाण्यात तशी घट आढळली नाही. कोकणातील मासेमारीचे भवितव्य या प्रश्नाशी जोडलेले असल्यामुळे समुद्रातील प्राणवायूची वर्षानुवर्षे सलग मोजणी होणे अत्यावश्यक आहे.