शब्दवेध : बंब

आग विझवणाऱ्या वाहनाला मराठीत ‘बंब’ म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसून जोराने फेकणारे यंत्र, यावरून आला असे मानले जाते. गुजरातीतील ‘बंबो’ व हिंदीतील ‘बंबा’ ही त्याचीच भावंडे होत, तर खुद्द पोर्तुगीजमध्ये अग्निशामक जवानाला आजही ‘बोंबेइरू’ म्हणतात. मूळ अर्थ वाहनाचा नसून पंपाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे न्हाणीघरातल्या, मधल्या नळीत निखारे ठेवून पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्रालाही बंबच का म्हटले गेले, याचा काहीसा उलगडा होतो, कारण पाण्याशी असलेले नाते दोन्हीकडे कायम आहे. एकच शब्द एका ठिकाणी आगीवर पाणी फेकतो आणि दुसऱ्या ठिकाणी आगीने पाणी तापवतो, हा अर्थविस्तार विलक्षण सुंदर आहे. पुढे ‘शम्’, म्हणजे शांत होणे, या संस्कृत धातूपासून साधलेला ‘अग्निशमन’ हा शब्द कार्यालयीन मराठीत रूढ झाला. तो नेमका आहे, कारण रसायन, फेस किंवा वायू वापरून आग विझवण्याच्या पद्धतीही त्यात सामावतात. तरीही धूर दिसताच तोंडून निघतो तो बंबच, आणि तो जपायला हवा.